कॅमेऱ्याला झाकण आहे काय?

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एक सूचना आहे, ती मीच मला दिलेली: परत आलेल्या कॅमेऱ्याचा आधी वास घ्यावा. हळदीचा आला तर माहितीपटाच्या नावाखाली चुलतभावाचं लग्न उरकलेलं असतं. क्रीमचा आला तर कुणाच्या तरी भाच्याचा पहिला वाढदिवस. एकदा चक्क तांदळाचा वास आला. विद्यार्थी म्हणाला, कॅमेरा मांजरा नदीत पडला होता, म्हणून दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. त्याच तांदळाची आईने खिचडी केली, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. कॅमेरा चालू झाला. खिचडीचं मी विचारलं नाही.

लातूरच्या एका महाविद्यालयात जनसंवाद विभागाचं भांडार मी बावीस वर्षं सांभाळते आहे. कागदावर मी भांडारपाल, मुलांसाठी ‘स्टोअर मॅडम’. कॅमेरे, माइक, स्टँड, तारा, दिवे द्यायचे आणि परत घ्यायचे, एवढंच काम. मी स्वतः एकही फिल्म काढलेली नाही. पण कोणती फिल्म कशामुळे बिघडली, याची यादी महाराष्ट्रात माझ्याइतकी व्यवस्थित कुणाकडे असेल असं वाटत नाही. त्या यादीत चित्रामुळे बिघडलेल्या फिल्मा फार थोड्या. बहुतेक आवाजामुळे बिघडल्या. आजोबा काय बोलतात ते ऐकूच येत नाही, मागची पिठाची गिरणी मात्र स्वच्छ ऐकू येते.

आणखी एक प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. मोबाइल असताना कॅमेरा कशाला? त्याचं उत्तर तयार आहे. मोबाइलवर शूटिंग चालू असताना आईचा फोन येतो, आणि आया फोन उचलेपर्यंत थांबत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी विभागाला नवा कॅमेरा घ्यायला थोडे पैसे मंजूर झाले. थोडे म्हणजे किती, तर एक बरा कॅमेरा येईल आणि मग त्याला लागणाऱ्या गोष्टींसाठी हात पसरावे लागतील, इतके. मी यादी केली. बाहेरचा माइक लावायला भोक आहे का. उन्हात बॅटरी किती वेळ टिकते. सलग किती मिनिटं चालतो, की मध्येच तापून बंद पडतो. दुरुस्ती नांदेडात होते की थेट मुंबईला पाठवावा लागतो. एकोणीस वर्षांच्या हातातून पडला तर काय होतं. चित्र किती बारीक येतं हा प्रश्न मी मुद्दाम सर्वांत खाली ठेवला होता, कारण आमच्या मुलांच्या फिल्मा शेवटी सगळे मोबाइलवरच बघतात.

खरेदीचं तुलनापत्रक भरायला लागतं. कार्यालयात कॅमेऱ्यासाठी छापील नमुना नव्हता. होता तो वसतिगृहाच्या खानावळीसाठी केलेल्या भांडी-खरेदीचा. बाबूंनी वरचं नाव तेवढं बदललं आणि तोच दुकानदारांना पाठवला. आठवड्याने उत्तरं आली. नांदेडच्या दुकानदाराने सगळं मनापासून भरलं होतं. वजन: इतके ग्रॅम. कान: दोन, पट्टा अडकवण्यासाठी. धुण्यास सोपे आहे काय: कृपया धुऊ नये. झाकण आहे काय: आहे.

त्या दिवशी मी एकटीच भांडारात बसून हसले. पुढे या झाकणाने मला कुठे गाठलं ते सांगायचं आहे, म्हणून एवढं आधी लिहिते आहे.

खरेदी समितीचे प्रमुख बसवंतअप्पा. संस्थेचे विश्वस्त, बाजार समितीत सोयाबीन आणि तुरीची आडत, कपाळाला भस्म, आणि कोणतीही वस्तू बघायची म्हणजे आधी उचलून बघायची. नांदेडच्या दुकानात ते स्वतः आले. काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले होते. एक खांद्यावर घ्यायचा, वापरलेला, चांगला आडमाप. दुसरा नवा, छोटा, दुकानदार त्याला मिररलेस म्हणत होता, आकाराने जेवणाच्या डब्याएवढा. किंमत जवळपास सारखी, फक्त छोट्याच्या किमतीत दुकानदार त्याचं सामानही देत होता.

अप्पांनी मोठा उचलला आणि त्यांचा चेहरा उजळला. छोटा उचलला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, पैसे देऊन घेतलेली वस्तू उचलताना कमरेला कळाया पाहिजे.”

मी त्यांना समजावलं की मोठ्याची बॅटरी मिळत नाही, अंधारात त्याला दिसत नाही, आणि त्याला घेऊन मुलं एसटीत चढू शकत नाहीत. अप्पांवर काही परिणाम नाही. शेवटी मी वही उघडली आणि दोन रकाने केले. मोठ्या कॅमेऱ्याच्या पैशात येणार: कॅमेरा. छोट्याच्या पैशात येणार: कॅमेरा, माइक, स्टँड, जास्तीची बॅटरी, दोन कार्डं, बॅग. अप्पांनी बोट ठेवून मोजलं.

“हिकडं एक नग, तिकडं सात नग,” ते म्हणाले. “मग इचारायचं काय त्यात?”

अशा रीतीने योग्य कॅमेरा पूर्णपणे चुकीच्या कारणासाठी घेतला गेला. महाविद्यालयात नारळ फुटला. अप्पांनी कॅमेरा हातात धरून फोटो काढून घेतला. तो वर्तमानपत्रात छापून आला तेव्हा त्यांच्या आडतीवर दोघांनी विचारलं, अप्पा, पानाचा डबा घेऊन कुठं उभे होता?

पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात प्रज्ञा आली. भोकरची. फार बोलत नसे, पण वस्तू परत करताना तार गुंडाळून, रबर लावून देई. माझ्या वहीत अशा मुलांच्या नावापुढे एक छोटी खूण असते. तिचे वडील गौतम मास्तर, बँडमास्तर. तीस वर्षं भोकर, हिमायतनगर, किनवटपर्यंतची लग्नं त्यांनी क्लॅरनेटवर वाजवली होती. परीक्षेसाठी प्रत्येकाला एक माहितीपट करायचा असतो. प्रज्ञाने वडिलांवर करायचं ठरवलं होतं, आणि तिला घाई होती.

घाईचं कारण मास्तरांचे दात. क्लॅरनेट वाजवताना तोंडात धरायच्या भागावर वरचे पुढचे दात टेकवावे लागतात. मास्तरांचे नेमके तेच चार दात हलत होते, हिरड्या सुजल्या होत्या. नांदेडच्या डॉक्टरांनी काढायची तारीख दिली होती. कवळीवर पुन्हा वाजवता येतं म्हणतात, पण तो सूर येत नाही, असं मास्तर स्वतःच सांगत. आणि त्यांची एक धून होती. त्यांच्या उस्तादाने बसवलेली, नवरीच्या पाठवणीची, आठ मिनिटांची. तीस वर्षांत ती त्यांनी एकदाही पूर्ण वाजवली नव्हती, कारण पाठवणीची गाडी दोन मिनिटांत सुटते. गाडी हलली की बँड थांबतो. उरलेली सहा मिनिटं मास्तरांच्या बोटांतच राहिलेली. ती दात जायच्या आत एकदा तरी कुठेतरी साठवायची, एवढीच प्रज्ञाची फिल्म.

ती आमचा छोटा कॅमेरा घेऊन भोकरला गेली आणि दुसऱ्या दिवशी न वापरता परत आली. वास घेतला, काही नाही.

“पप्पा बसलेच न्हाईत मॅडम,” ती म्हणाली. “ह्यो काय कॅमेरा हाय का म्हणले.”

मी तिच्या फोनवरून मास्तरांशी बोलले. त्यांना वाटलं असेल, मॅडम रागावणार. फार नम्रपणे त्यांनी आपली बाजू मांडली. म्हणाले, लग्नाच्या प्रत्येक व्हिडिओत ते आहेत, पण कडेला. अर्धा खांदा, क्लॅरनेटचं टोक, कधी नुसती टोपी. कॅमेरावाला नेहमी नवरदेवाकडे बघून राहिलेला.

“जल्मात एकदा माझ्यावर कॅमेरा येऊन राहिला,” ते म्हणाले, “तर नवरदेवाच्याहून ल्हान नको, एवढंच म्हणणं हाय माझं.”

मला यात चूक काढता आली नाही. अप्पांचं म्हणणं मी दुकानात यादी दाखवून खोडलं होतं. हे खोडायला यादी नव्हती. दात काढायला पाच दिवस उरले होते.

आमच्या भांडारात वरच्या फळीवर एक मोठा खांद्यावरचा कॅमेरा पडून आहे. फार पूर्वी घेतलेला, टेपवाला. टेप मिळणं बंद झालं तेव्हा तो मेला, पण कागदावर जिवंत आहे, कारण त्याच्या निर्लेखनावर, म्हणजे यादीतून नाव काढण्यावर, ज्यांची सही लागते ते निवृत्त होऊन पुण्याला गेले. प्रज्ञाने त्याच्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे पाहिलं. बंद पडलेली वस्तू उघडू नये असं नियमात कुठे लिहिलं आहे का, हे मी दोनदा वाचून बघितलं. लिहिलेलं नाही.

आम्ही स्क्रू काढले. आतलं सगळं पिशवीत भरून, चिठ्ठी लावून ठेवलं. पुढच्या नळकांड्यातल्या काचा काढल्या आणि गादीच्या फोमचे तुकडे लावून छोटा कॅमेरा त्यात बसवला, डोळा बरोबर नळकांड्याच्या तोंडाशी. अडचण एकच. छोट्या कॅमेऱ्याचा पडदा आत झाकला जात होता. म्हणजे आधी बटण दाबून शूटिंग चालू करायचं, मग वरून मोठ्याचा रिकामा खोका लावून स्क्रू बसवायचे, आणि पुढे काय दिसतं आहे ते देवावर सोडायचं. बाहेर एक लाल दिवा लावला, नुसता शोभेचा. माइक वेगळा होता, त्याचा आवाज वेगळ्या छोट्या यंत्रात भरला जाई, त्यामुळे ती बाजू पक्की. मग मी खोका उचलून बघितला आणि माझ्या लक्षात आलं की तो अगदी हलका झाला आहे. अप्पांची कंबर आठवली. मास्तरांनी हौसेने खांद्यावर घेतला तर? म्हणून मागच्या पोकळीत दोन किलो तूरडाळ पिशवीत भरून ठेवली. घरून आणलेली. वहीत नोंद केली.

खांद्यावरचा मोठा कॅमेरा जिल्ह्याबाहेर जायचा तर भांडारातला माणूस सोबत लागतो, आणि भांडारात माणूस म्हणजे मी एकटीच. नांदेडच्या बसमध्ये कंडक्टरने खोक्याचं लगेजचं तिकीट फाडलं. प्रज्ञा म्हणाली, गेल्या खेपेला छोट्या कॅमेऱ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता भोकरच्या स्टँडवर उतरल्याबरोबर चहा आला, त्याचे पैसे कुणी घेईना. एका गृहस्थांनी ट्रान्सफॉर्मर जळाल्याचा अर्ज माझ्या हातात दिला. मी भांडारपाल आहे म्हटलं, तर म्हणाले, मग तर लईच बरं झालं. तो अर्ज अजून माझ्याकडे आहे.

मास्तर अंगणात तयार होते. लाल कोट, सोनेरी झालर, टोपी, गाल एका बाजूने सुजलेला. वेदनेची गोळी घेऊन बसले होते. गोळीचा असर तासभर, तेवढ्यात काय ते करा, असं प्रज्ञाच्या आईने मला बाजूला घेऊन सांगितलं. खोका बघून मास्तर उठून उभे राहिले. कॅमेऱ्याला उठून मान देणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी तो खांद्यावर घेतला, प्रज्ञाने मोबाइलवर फोटो काढला, मास्तरांनी मान थोडी वाकडी केली, आणि खोका परत स्टँडवर ठेवला.

मास्तरांना दिसू नये म्हणून खोका घरात नेऊन उघडला आणि आधी एक चाचणी घेतली. चित्र उत्तम, आवाज उत्तम. मग बटण दाबलं, खोका लावला, चार स्क्रू बसवले, बाहेर आणून स्टँडवर चढवला, लाल दिवा लावला. मास्तरांना सांगितलं, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. ते म्हणाले, तीस वर्षं तेच करून राहिलो.

तेवढ्यात कुंपणाबाहेरून मुरमाचा ट्रॅक्टर गेला आणि अंगणभर धूळ उडाली. धूळ दिसली की काय करायचं ते माझ्या हाताला कधीच सांगावं लागत नाही. बावीस वर्षांची सवय. धूळ खाली बसली. मी कानाला हेडफोन लावून माइकपाशी गेले, कॅमेऱ्याकडे पाठ करून. प्रज्ञा कॅमेऱ्याच्या मागे स्टँडची मूठ धरून उभी. मास्तरांनी डोळे मिटले आणि वाजवायला सुरुवात केली.

मला गाण्यातलं कळत नाही. एवढं सांगते, दोन मिनिटं झाली तेव्हा प्रज्ञाची आई सवयीने उठायला लागली, गाडी सुटल्यासारखी, आणि मग खाली बसली. पुढची सहा मिनिटं घरातल्याही कुणी कधी ऐकलेली नव्हती. धून संपली. मास्तरांनी क्लॅरनेट खाली घेतलं, तर तोंडाशी थोडं रक्त आलं होतं. ते त्यांनी झालरीच्या बाहीला पुसलं आणि विचारलं, “आलं का सगळं?”

आलं म्हटलं.

मास्तरांसमोर खोका उघडता येत नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला भांडारात स्क्रू काढायला घेतले. खोका टेबलावर ठेवला. नळकांड्याच्या तोंडावर त्याचं झाकण होतं. मोठं, काळं, डब्याच्या झाकणाएवढं, घट्ट दाबून बसवलेलं. मीच बसवलेलं. कार्ड लावून बघितलं. आधी थोडं अंगण, धूळ, माझा हात. मग काळं. खोक्यात तापून बंद पडेपर्यंत, एकवीस मिनिटं काळं. आवाज मात्र दुसऱ्या यंत्रात होता, स्वच्छ, पहिल्या फुंकरीपासून शेवटच्या श्वासापर्यंत.

प्रज्ञाने घरी फोन लावला. आईने उचलला.

“निघाले,” आई म्हणाली. “चारी दात निघाले. बोलता येत न्हाई पप्पाला. हात करून राहिले, कसं झालं इचारतात.”

प्रज्ञा म्हणाली, चांगलं झालं. फोन ठेवला आणि ती माझ्याकडे न बघता तारा गुंडाळायला लागली, नीट, रबर लावून. एखादी रडली असती तर मला बरं वाटलं असतं. माझ्या वहीत ‘बिघडलेल्या फिल्मा’ असं पान आहे. नाव, तारीख, कारण. कारणाच्या रकान्यात तोवर फक्त विद्यार्थी होते.

दुसरं काही चित्र लावायचं नाही, हे प्रज्ञाने ठरवलं. लग्नाचे जुने व्हिडिओ लावले असते तर मास्तर पुन्हा कडेलाच गेले असते. सुरुवातीला मास्तरांचं नाव, धुनीबद्दल चार ओळी, आणि मग काळा पडदा, आठ मिनिटं. विभागप्रमुख म्हणाले, याला चित्रपट कसं म्हणायचं. मी म्हटलं, झाला तोटा भांडाराकडे लिहा, पण फिल्म परीक्षेला जाऊ द्या.

बाहेरून आलेले परीक्षक दाढीवाले होते. आठ मिनिटं ते हलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, हा अंधार कुठून सुचला. प्रज्ञा खोटं बोलणारी नाही. “सर, झाकण लागलेलं होतं,” ती म्हणाली. परीक्षकांनी बराच वेळ मान हलवली आणि ते वाक्य वहीत लिहून घेतलं. प्रज्ञा पहिली आली. मला त्याचा आनंद झाला, पण वहीतलं कारण मी खोडलं नाही.

मास्तरांना सांगणं उरलं होतं. हिरड्या भरल्या, कवळी अजून यायची होती. पेनड्राइव्हमध्ये फिल्म घेऊन मी प्रज्ञाबरोबर भोकरला गेले. वाटेत बसमध्ये मी काय बोलायचं ते लिहून काढलं होतं. तीन मुद्दे. त्यांच्यासमोर बसल्यावर कागद पिशवीतच राहिला. म्हटलं, मास्तर, दोन चुका आहेत. कॅमेरा खरा मोठा नव्हता, आणि झाकण मी लावलं होतं.

मास्तर बोळक्या तोंडाने हसले.

“खांद्यावर घेतला तवाच कळलं,” ते म्हणाले. “आत डाळ वाजली. तूर. मसूर बारीक वाजती.”

मग वाजवलं कशाला, असं प्रज्ञाने विचारलं.

“एवढ्या लांबून डाळ घेऊन आले लोक माझ्यासाठी. मग न्हाई कसं म्हणू.” झाकणही त्यांनी पाहिलं होतं. डोळे मिटायच्या आधी क्षणभर. त्यांना वाटलं, डाळीवाल्या कॅमेऱ्याचं शूटिंग झाकण लावूनच होत असेल, आपण कशाला मध्ये बोलायचं.

प्रज्ञाने टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. नाव आलं, चार ओळी आल्या, त्या प्रज्ञाच्या आईने मोठ्याने वाचल्या. मग पडदा काळा झाला आणि क्लॅरनेट सुरू झालं. मी मान खाली घालून बसले होते. मास्तर खुर्चीवरून उठले, आत गेले, आणि लाल कोट घालून, क्लॅरनेट घेऊन आले. खुर्ची ओढून टीव्हीच्या बरोबर समोर घेतली. दार उघडं होतं, बाहेर ऊन होतं. त्या काळ्या काचेत लाल कोट दिसला, सोनेरी झालर दिसली, टोपी दिसली. क्लॅरनेट ओठांना न लावता त्यांनी मांडीवर धरलं आणि बोटं चालू केली. आवाज टीव्हीतून, बोटं काचेत, दोन्ही अगदी बरोबर.

दोन मिनिटं झाली. कुणी उठलं नाही.

धूळ बसली होती म्हणून की काय, मी पदराने काच पुसायला पुढे वाकले. हाताला सवय.

“मॅडम, बाजूला सरका जरा,” मास्तर बोटं न थांबवता म्हणाले. “आत्ता कुठं मी मधोमध येऊन राहिलो.”

मी सरकले. सहा मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले, दोन्ही हात मागे धरून.